पनवेल परिसरातील लहान शिकार आणि पहिल्या छऱ्याच्या बंदुकीची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास (१८७८ ते १९९१)

सारांश

पाखरे व ससे यांसारख्या लहान शिकारीसाठी पहिली बंदूक कोणती घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता शिकाऱ्याच्या आवडीचा वाटतो. प्रत्यक्षात तो शतकाहून अधिक काळ कायदा, शेती, हवामान आणि सामाजिक स्थान यांनी ठरविला. प्रस्तुत निबंधात पनवेल व तत्कालीन कुलाबा जिल्ह्याच्या संदर्भात या निवडीचा इतिहास मांडला आहे. गुळगुळीत नळीची बंदूक ही शिकाऱ्याची जशी गरज होती, तशीच ती राज्यकर्त्यांच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याची बंदूक होती. या दोन कारणांच्या मेळातूनच ती घराघरांतील पहिली बंदूक ठरली, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : लहान शिकार, छऱ्याची बंदूक, शस्त्रकायदा, पीकसंरक्षण, कर्नाळा, पक्षिशास्त्र.

प्रस्तावना

भारतातील शिकारीचा इतिहास बहुधा वाघाच्या अंगाने लिहिला गेला आहे. संस्थानिकांच्या हाकाऱ्याच्या शिकारी, हत्तीवरील मचाणे, भिंतींवर टांगलेली मस्तके यांनी त्या इतिहासाची पाने व्यापली आहेत. त्या तुलनेत भाताच्या खाचरात पाणलावा टिपणारा, डोंगराच्या पायथ्याशी रानकोंबड्याच्या मागावर असणारा किंवा रात्री पिकाची राखण करताना ससा मारणारा सामान्य शिकारी इतिहासलेखनात क्वचितच येतो. वास्तविक बंदूक या वस्तूचा सामान्य समाजाशी आलेला संबंध समजून घ्यायचा असेल, तर वाघाच्या रायफलीपेक्षा पाखरांच्या बंदुकीकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करून कायद्यांतील तरतुदी, बंदुकीची तांत्रिक जडणघडण आणि पनवेल परिसरातील ज्ञात घटना यांचा परस्परसंबंध तपासणे, हे या निबंधाचे उद्दिष्ट आहे. १८७८ हे शस्त्रकायद्याचे वर्ष आणि १९९१ हे परवानाधारक शिकार संपुष्टात आणणाऱ्या दुरुस्तीचे वर्ष, या दोन टोकांमधील काळ येथे विचारात घेतला आहे.

१. पनवेलचा भूगोल आणि लहान शिकार

पनवेल तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १८८३ मध्ये तो कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला, आणि १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. एका बाजूस खाडी, खाजणे व मिठागरे, मध्ये भाताची खाचरे आणि दुसऱ्या बाजूस कर्नाळा, प्रबळगड, माथेरान यांच्या डोंगररांगा, अशी या तालुक्याची रचना होती. थोडक्या अंतरात इतके भिन्न अधिवास एकत्र आल्यामुळे पक्ष्यांची विविधता मोठी होती. भातकापणीनंतर ओलसर खाचरांत पाणलावे उतरत. हिवाळ्यात खाडीकाठी रानबदके येत. माळावर लावे व तित्तिर आणि झाडीत रानकोंबडे, हरियल व ससे असत.

मुंबईहून खाडीमार्गे आणि मुंबई-पुणे रस्त्याने पनवेल गाठता येत असल्यामुळे हा भाग शहराला जवळचा होता. कर उत्पादन व मीठ खात्यात नोकरीस असलेले आणि ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी लिहिणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकन (१८५१ ते १९०९) यांची काही काळ शेजारच्या उरणमध्ये नेमणूक होती. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी ते एक होत. त्या काळात शिकार आणि निसर्ग-अभ्यास ही दोन स्वतंत्र क्षेत्रे मानली जात नसत. पक्षी ओळखायचा तर तो हातात यावा लागे, आणि तो हातात येण्याचा मार्ग बहुधा बंदुकीच्या नळीतून जात असे.

२. १८७८ चा शस्त्रकायदा आणि शिरढोणचे उदाहरण

व्हाइसरॉय लिटन यांच्या काळात मार्च १८७८ मध्ये शस्त्रकायदा संमत झाला. परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरणे गुन्हा ठरले. युरोपीय व अँग्लो-इंडियन व्यक्तींना मात्र या बंधनांतून व्यापक सूट होती. त्यामुळे एकाच खाचरात उभ्या असलेल्या दोन शिकाऱ्यांपैकी एकाला कागद दाखवावा लागे, तर दुसऱ्याला त्याची गरज नसे. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला, त्यामागे संरक्षणाच्या गरजेइतकीच या अपमानाची जाणीव होती.

पनवेल तालुक्याच्या दृष्टीने या कायद्याला एक विशेष संदर्भ आहे. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी कर्नाळा किल्ल्याजवळील शिरढोण येथे झाला. शस्त्रकायदा होऊन एक वर्षही उलटले नव्हते, तोच फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी रामोशी, कोळी इत्यादी समाजांतील साथीदारांसह पुणे जिल्ह्यात सशस्त्र उठाव सुरू केला. मे १८७९ मध्ये त्यांचे सहकारी दौलतराव रामोशी यांच्या टोळीने पनवेलजवळील पळस्पे व चिखली येथे दरोडे घातले. उठाव मोडला गेला. फडके यांचा १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात अंत झाला. परंतु ज्या प्रदेशातून सह्याद्रीचे घाट ओलांडता येतात, त्या प्रदेशात सामान्य माणसाच्या हातातील बंदुकीकडे सरकार कोणत्या नजरेने पाहत असेल, हे या घटनाक्रमावरून सहज लक्षात येते.

वांशिक सवलत १९२० च्या शस्त्र नियमांनी दूर झाली, तरी परवाना देणे वा नाकारणे हे अधिकाऱ्याच्या मर्जीवरच राहिले. जानेवारी १९३० मध्ये महात्मा गांधींनी सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने मिळावेत, ही मागणी होती. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने ही मागणी करावी, याचा अर्थ शस्त्राचा प्रश्न हा हिंसेपेक्षा नागरिकत्वाचा प्रश्न मानला जात होता. त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी पनवेलच्या शेजारील चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही मृत्युमुखी पडले. जंगल कोणाचे आणि बंदूक कोणाच्या हातात, हे दोन प्रश्न या भूमीत असे एकत्र गुंतलेले होते.

३. निवडीचे तांत्रिक निकष

परवाना हाती आल्यावर पहिला निर्णय नळीच्या मापाचा असे. हे माप ‘बोअर’ या संज्ञेने ओळखले जाते. एक पौंड शुद्ध शिशाच्या समान वजनाच्या बारा गोळ्या केल्यास त्यांपैकी एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती नळी बारा बोअरची. म्हणजेच आकडा जितका मोठा, तितकी नळी लहान. बारा बोअरचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, सोळा बोअरचा १६.८ आणि वीस बोअरचा १५.६ मिलिमीटर असतो. नवशिक्याला हलकी बंदूक सोयीची वाटते. परंतु हलक्या बंदुकीत छऱ्यांचा भार तेवढाच ठेवला तर खांद्यास बसणारा धक्का वाढतो. बंदुकीचे वजन छऱ्यांच्या भाराच्या ९६ पट असावे, हा इंग्रज कारागिरांचा ठोकताळा याच अनुभवातून आला. सुमारे ३० ग्रॅम छऱ्यांच्या काडतुसासाठी त्यानुसार सुमारे २.९ किलोग्रॅम वजनाची बंदूक योग्य ठरते.

दुसरा निकष नळीच्या तोंडाशी असलेल्या आवळपणाचा, म्हणजे ‘चोक’चा. १८७० च्या दशकात बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी ही पद्धत रूढ केली. ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात सरळ नळीचे सुमारे ४० टक्के, तर पूर्ण आवळलेल्या नळीचे सुमारे ७० टक्के छरे पडतात. आवळ नळी अधिक चांगली, असा नवशिक्याचा समज होणे स्वाभाविक आहे. पण दाट छरे म्हणजे लहान वर्तुळ. जवळून उडालेला पक्षी एकतर पूर्ण हुकतो किंवा खाण्यालायक उरत नाही. दुनळी बंदुकीत उजवी नळी मोकळी आणि डावी आवळ ठेवण्याची प्रथा यासाठीच पडली. पहिला बार जवळच्या पक्ष्यावर, दुसरा दूर जाणाऱ्यावर, असा तिचा हिशेब होता.

तिसरा निकष छऱ्यांच्या आकाराचा. येथेही क्रमांक वाढतो तसा छरा लहान होतो. इंग्रजी मापाप्रमाणे एका औंसात चार क्रमांकाचे सुमारे १७०, सहा क्रमांकाचे २७० आणि आठ क्रमांकाचे ४५० छरे मावतात. पाणलावा व लावा यांना आठ, तित्तिर व रानकोंबडा यांना सहा, रानबदक व ससा यांना चार वा पाच, असा सर्वसाधारण संकेत होता. अशा छऱ्यांचा भरवसा ३५ ते ४० यार्डांपर्यंतच धरता येतो. त्यापलीकडे बार टाकणे म्हणजे पक्षी जखमी करून गमावणे होय. चांगला शिकारी कोणता बार टाकायचा नाही हे आधी शिकतो, या जुन्या शिकाऱ्यांच्या शिस्तीला अशा प्रकारे तांत्रिक आधार होता.

कोकणच्या हवामानाने या निकषांत आणखी एकाची भर घातली. पावसाळ्यातील दमट हवेत कागदी काडतुसे फुगत आणि नळीच्या घरात बसेनाशी होत. म्हणून पितळी कवचांना पसंती मिळे. नळ्यांना गंज चढू नये यासाठी प्रत्येक बारानंतर पुसून तेल देणे भाग असे. जुनी बंदूक विकत घेणाऱ्याने तर अधिकच सावध राहणे आवश्यक होते. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून बनविलेल्या दमास्कस नळ्या काळ्या दारूसाठी बनविलेल्या असत. त्यांत धूरविरहित दारूचे जोरकस काडतूस वापरल्यास नळी फुटून हात जाण्याचा धोका होता. लंडन वा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची मुद्रा पाहिल्याखेरीज जुनी बंदूक घेऊ नये, हा नियम त्यामुळे जिवाशी संबंधित होता. दस्ता खरेदीदाराच्या बांध्यास जुळतो की नाही, हेही पाहावे लागे. इंग्रज ग्राहकाच्या मापाचा लांब दस्ता आखूड हाताच्या माणसाच्या काखेत अडकत असे.

४. पिकाची राखण आणि ठासणीची बंदूक

वरील निकष निवडीला वाव असलेल्यांचे होते. सामान्य शेतकऱ्याच्या बाबतीत प्रश्न वेगळा होता. रानडुक्कर, माकडे व अन्य प्राणी यांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी शस्त्र नियमांत स्वतंत्र प्रकारच्या परवान्याची सोय होती. या परवान्यावर शेतकऱ्याच्या हाती येणारी बंदूक बहुधा एकनळी व ठासणीची असे. दारू, गठ्ठा, छरे क्रमाने गजाने ठासायचे, टोपी चढवायची आणि एक बार टाकायचा. पुन्हा सर्व विधी आरंभापासून. सरकारच्या दृष्टीने हा संथपणा हीच तिची गुणवत्ता होती.

स्वतंत्र भारताने हा विचार बदलला नाही, उलट तो कायद्याच्या शब्दांत अधिक स्पष्टपणे मांडला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये दोन वर्ग केलेले आहेत. संरक्षण वा क्रीडा यांसाठी किमान २० इंच लांबीची गुळगुळीत नळीची बंदूक, तसेच खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, अन्य हरकत नसल्यास, परवाना द्यावा असे सांगितले आहे. ठासणीची बंदूक पुरेशी ठरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटल्यास दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची मुभा आहे. याउलट रायफलसारख्या अन्य शस्त्रांसाठी अर्जदाराने सबळ कारण दाखवावे लागते.

या तरतुदीत प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. पहिली बंदूक कोणती, याचे उत्तर खरेदीदार दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच कायद्याने दिलेले होते. छऱ्याच्या बंदुकीचा पल्ला तोकडा असल्यामुळे ती पाखरांच्या शिकारीस योग्य होती. आणि पल्ला तोकडा असल्यामुळेच ती राज्यसत्तेस सुसह्य होती. नळीची किमान लांबी ठरविण्यामागेही शिकारीपेक्षा बंदूक अंगरख्याखाली लपविता येऊ नये, ही चिंता अधिक दिसते. स्वातंत्र्यानंतर खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची काडतुसे तयार होत असल्याने या मापाची काडतुसे देशातच उपलब्ध झाली आणि सोळा वा वीस बोअरची बंदूक घेणाऱ्यास काडतुसांची अडचण भासू लागली. अशा रीतीने ‘बाराबोअर’ हा शब्द मराठीत छऱ्याच्या बंदुकीचा जवळजवळ पर्यायवाची बनला.

५. परवान्याबाहेरील शिकारी

पनवेलच्या डोंगरपट्ट्यातील कातकरी व ठाकूर समाजांचा विचार केल्याशिवाय लहान शिकारीचा इतिहास पूर्ण होत नाही. तिरकमठा, गलोल, फास आणि जाळी ही त्यांची साधने होती. ससे, लावे, शेतातील उंदीर, खाडीतील खेकडे व मासे यांचा त्यांच्या आहारात मोठा वाटा होता. परवान्यासाठी लागणारी जमीन, कागदपत्रे, ओळख आणि पैसा यांपैकी काहीही त्यांच्यापाशी नसल्यामुळे बंदुकीची निवड हा प्रश्न त्यांच्या वाट्यास आलाच नाही. परंतु शिकाऱ्याला पाणवठा दाखविणारा, पक्ष्याचा माग काढणारा आणि पडलेला पक्षी झुडपातून शोधून आणणारा बहुतेक वेळा याच समाजातील असे. राखीव वने आणि पुढे शिकारबंदी यांचा सर्वांत मोठा भार त्यांच्यावर पडला. कारण परवानाधारकाचा छंद गेला, तर यांच्या ताटातील अन्न गेले.

६. बंदुकीकडून दुर्बिणीकडे

डॉ. सलीम अली (१८९६ ते १९८७) यांचे उदाहरण या संक्रमणाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. बालपणी हवेच्या बंदुकीने मारलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख पटवून घेण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्यांना पक्ष्यांच्या संग्रहाचे दार उघडून दिले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. त्यांच्या १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे शीर्षकच त्या चिमणीवरून आले आहे. पुढे त्यांनी केलेल्या पक्षी-सर्वेक्षणांतही नमुने गोळा करण्यासाठी बंदूक वापरली जात होती.

मात्र त्यांच्या कार्यातील एक महत्त्वाचे वळण कुलाबा जिल्ह्यातच आले. १९३० मध्ये जर्मनीहून परतल्यावर नोकरी नसल्याने ते अलिबागजवळील किहीम येथे राहिले आणि तेथे सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचे त्यांनी महिनोन्‌महिने निरीक्षण केले. एकच नर अनेक घरटी बांधून एकापाठोपाठ एक माद्यांशी जोडी जमवितो, हा त्यांचा निष्कर्ष मेलेल्या पक्ष्यावरून कधीच काढता आला नसता. बंदूक पक्ष्याचे नाव सांगू शकत होती. त्याचे जीवन सांगण्यास ती असमर्थ होती. तरीही निरीक्षकाला लागणारा संयम, वाऱ्याची दिशा, पक्ष्याच्या उडण्याची ढब, अधिवासाची जाण हे सर्व शिकाऱ्याच्याच शिक्षणाचे भाग होते.

७. लहान शिकारीचा कायदेशीर शेवट

१८८७ व १९१२ च्या केंद्रीय कायद्यांनी वन्य पक्ष्यांच्या विणीच्या काळात बंदीची तत्त्वे आणली. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशू व वन्य पक्षी संरक्षणासाठी स्वतंत्र अधिनियम केला. १९६८ मध्ये पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवरील कर्नाळा किल्ल्याभोवतीचे ४.४८ चौरस किलोमीटर क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. २००३ मध्ये ते १२.११ चौरस किलोमीटरपर्यंत वाढविण्यात आले.

१९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम प्रारंभापासून संपूर्ण शिकारबंदीचा होता, असा समज आढळतो. वस्तुतः मूळ अधिनियमात विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि प्राणी पकडणे यांसाठी स्वतंत्र परवान्यांची तरतूद होती. म्हणजे शस्त्राचा एक परवाना आणि शिकारीचा दुसरा, अशी दुहेरी चौकट होती. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपुष्टात आणले. त्यानंतर वन्य प्राणी जीवितास वा मालमत्तेस धोकादायक ठरल्यास कलम ११ अन्वये सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशानेच त्याची शिकार होऊ शकते. बंदूक बाळगण्याचा परवाना टिकला, परंतु ज्या हेतूने ती निवडली जात असे तो हेतू कायद्याने नाहीसा झाला.

याच काळात भूमीही बदलली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पनवेल, उरण व ठाणे तालुक्यांतील शेती, मिठागरे व खाजणे नवी मुंबईसाठी संपादित झाली. २०२५ मध्ये पनवेल तालुक्यातील नवी मुंबई विमानतळ सुरू झाला. ज्या पाणथळीतील पाखरांना एकेकाळी छऱ्यांचे भय होते, ती पाणथळच मोठ्या प्रमाणावर नाहीशी झाली. बंदूक परवान्याने आवरता आली. भरावाच्या मातीला तसा परवाना आवरू शकला नाही.

निष्कर्ष

१. पहिली छऱ्याची बंदूक ही शिकाऱ्याची व्यक्तिगत निवड कमी आणि राज्यसत्तेने आखून दिलेल्या मर्यादेतील निवड अधिक होती. १८७८ व १९५९ हे दोन्ही कायदे निरनिराळ्या राजवटींचे असले, तरी सामान्य नागरिकाच्या हातात तोकड्या पल्ल्याचेच शस्त्र असावे, या बाबतीत त्यांत सातत्य दिसते.

२. नळीचे माप, चोक व छऱ्यांचा क्रमांक यांविषयीच्या तांत्रिक ज्ञानात पल्ल्याबाहेर बार न टाकण्याची एक नीती अंतर्भूत होती. पक्षिनिरीक्षणाच्या परंपरेने शिकाऱ्याकडून जे घेतले, त्यात ही संयमाची शिकवण महत्त्वाची आहे.

३. परवानापद्धती आणि शिकारबंदी या दोहोंचा इतिहास केवळ परवानाधारकांच्या बाजूने लिहिणे अपुरे आहे. कातकरी व ठाकूर यांचे पक्ष्यांविषयीचे ज्ञान मौखिक राहिले आणि त्याची नोंद होण्यापूर्वीच ते जपणारी पिढी कमी होत आहे.

४. जिल्ह्यातील जुन्या शस्त्रपरवान्यांच्या नोंदवह्या, पीकसंरक्षणाचे अर्ज आणि डोंगरपट्ट्यातील वृद्धांच्या मुलाखती यांचा एकत्रित अभ्यास स्थानिक महाविद्यालयांना सहज हाती घेता येण्याजोगा आहे. कर्नाळ्याच्या पक्ष्यांची यादी उपलब्ध आहे. त्या पक्ष्यांशी माणसांनी कोणकोणत्या मार्गांनी संबंध ठेवला, त्याची यादी मात्र अद्याप व्हावयाची आहे.